‘आय’ या एका अक्षरामागचा वाद : द्रावणांच्या धड्याचा इतिहास

१/ बारावीच्या रसायनशास्त्रात द्रावणांचा धडा सुरू झाला की विद्यार्थ्यापुढे काही आडनावे ओळीने उभी राहतात : हेन्री, राउल्ट, व्हान्ट हॉफ. प्रत्येक आडनावाला एक सूत्र आणि सूत्रामागे सोडवलेली उदाहरणे. धड्याच्या अखेरीस ‘आय’ हे एक अक्षर येते. साखरेसाठी त्याची किंमत १, मिठासाठी २, कॅल्शियम क्लोराइडसाठी ३. विद्यार्थी ते पाठ करतो आणि पुढच्या धड्याकडे वळतो. या अक्षरासाठी युरोपातील रसायनशास्त्रज्ञ अनेक वर्षे भांडत होते. त्या भांडणात जिंकलेला पक्ष पुढे अर्धा चुकीचा ठरला आणि हरलेला पक्ष अर्धा बरोबर. या धाग्यात त्या वादाचा इतिहास.

२/ धड्यातील पहिले नाव विल्यम हेन्री यांचे. मँचेस्टरच्या या गृहस्थांनी १८०३ मध्ये नियम मांडला : पाण्यात किती वायू विरघळेल हे त्या वायूच्या दाबावर अवलंबून असते. सोड्याची बाटली उघडताच बुडबुडे का उसळतात, याचे उत्तर या नियमात आहे. त्यावरून फारशी वादावादी झाली नाही. खरी अडचण होती ती घरोघरच्या मिठाची. मीठ पाण्यात विरघळते तेव्हा त्याचे होते काय? ते डोळ्यांना दिसेनासे होते, पण चव राहते. पाणी आटवले की जसेच्या तसे परत मिळते. मग मधल्या काळात ते कोणत्या रूपात असते? एकोणिसाव्या शतकातील विद्वानांना हा साधा प्रश्न पुरून उरला.

३/ या प्रश्नाचा पहिला धागा थंडीतून हाती आला. हाताने फिरवायच्या आइस्क्रीमच्या पॉटमध्ये बर्फाबरोबर खडेमीठ टाकतात, कारण खारे पाणी शून्य अंशाला गोठत नाही. मीठ आणि बर्फ यांचे मिश्रण शून्याखाली सुमारे २१ अंशांपर्यंत उतरू शकते. ही युक्ती जुनी आहे. तिला आकड्यांचे रूप दिले चार्ल्स ब्लॅग्डेन यांनी. लंडनच्या रॉयल सोसायटीचे हे चिटणीस. पाण्यात विरघळलेल्या पदार्थाचे प्रमाण जितके वाढवावे तितक्याच प्रमाणात गोठणबिंदू खाली जातो, हे त्यांनी १७८८ मध्ये दाखवले. निरीक्षण अचूक होते. त्यामागचे कारण मात्र जवळपास शंभर वर्षे कोणाला सांगता आले नाही.

४/ हे काम पुढे नेले फ्रान्समधील ग्रनोबल येथील प्राध्यापक फ्रान्स्वा-मारी राउल्ट यांनी. १८७८ पासून ते गोठणबिंदू मोजत बसले. त्यांची रीत सरळ होती. एकामागून एक सेंद्रिय पदार्थ पाण्यात विरघळवायचे आणि पाणी किती अंश खाली गोठते ते नोंदवायचे. १८८२ मध्ये त्यांच्या लक्षात आले की पदार्थ कोणता आहे याला महत्त्व नाही. त्याचे रेणू किती आहेत, एवढेच महत्त्वाचे. साखरेचा रेणू मोठा, अल्कोहोलचा लहान, पण संख्या सारखी असेल तर गोठणबिंदूही सारखाच उतरतो. पुढे बाष्पदाबाबाबतही त्यांना असाच नियम सापडला. आज ‘राउल्टचा नियम’ म्हणून शिकवतात तो हाच.

५/ या नियमामुळे रसायनशास्त्रज्ञांना एक तराजू मिळाला. अनोळखी पदार्थ पाण्यात टाकावा, गोठणबिंदू मोजावा आणि त्यावरून रेणूचे वजन काढावे. आजही परीक्षेत हेच उदाहरण येते. परंतु मिठाच्या बाबतीत हा तराजू खोटे बोलू लागला. ठरलेल्या हिशेबाप्रमाणे मिठाने गोठणबिंदू जेवढा उतरवायला हवा, त्याच्या जवळपास दुप्पट तो उतरत होता. जणू टाकले शंभर रेणू आणि पाण्यात मोजले गेले दोनशे. आम्ले, अल्कधर्मी पदार्थ आणि इतर क्षार यांचीही हीच तऱ्हा. नियम मोडणाऱ्या या सर्व पदार्थांमध्ये एक गोष्ट समान होती : त्यांच्या द्रावणातून वीज वाहत असे. हा योगायोग आहे की कारण, हे तेव्हा स्पष्ट नव्हते.

६/ दुसरा धागा वनस्पतिशास्त्रातून आला. १७४८ मध्ये पॅरिसचे धर्मगुरू आणि पदार्थवैज्ञानिक नोले यांनी मद्यार्काने भरलेल्या भांड्याचे तोंड जनावराच्या मूत्राशयाच्या पडद्याने बांधले आणि भांडे पाण्यात बुडवले. काही तासांत पडदा फुगून वर आला. पाणी आत शिरत होते, मद्यार्क मात्र तितक्या सहज बाहेर पडत नव्हता. हेच परासरण. वनस्पतीची मुळे पाणी कशी ओढतात, कोमेजलेले पान पाण्यात ठेवल्यावर ताठ कसे होते, या प्रश्नांची उत्तरे याच घटनेत दडली असल्याचे वनस्पतिशास्त्रज्ञांनी ओळखले. रसायनशास्त्रज्ञांनी मात्र तिकडे फारसे लक्ष दिले नाही.

७/ जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ विल्हेल्म फेफर यांनी हा दाब प्रत्यक्ष मोजला. जनावराचा पडदा फाटतो, म्हणून त्यांनी सच्छिद्र मातीच्या भांड्याच्या भिंतीतच कॉपर फेरोसायनाइडचा पातळ थर तयार केला. पाणी त्यातून जाई, साखर अडकून राही. १८७७ मध्ये त्यांनी आकडे प्रसिद्ध केले. साखरेच्या १ टक्का द्रावणाचा दाब पाऱ्याच्या ५३५ मिलिमीटर स्तंभाएवढा भरला. २ टक्क्यांसाठी तो १०१६ आणि ४ टक्क्यांसाठी २०८२. संहती दुप्पट केली की दाबही जवळपास दुप्पट. फेफर यांना वनस्पतीच्या पेशीचे गूढ उकलायचे होते. या आकड्यांत रसायनशास्त्राचा एक मोठा नियम दडला आहे, हे दुसऱ्याच कोणाला तरी दिसायचे होते.

८/ ते दिसले ॲमस्टरडॅमच्या याकोबस व्हान्ट हॉफ यांना. कार्बनचे चार बंध चतुष्फलकाच्या चार कोपऱ्यांकडे वळलेले असतात, असे त्यांनी वयाच्या बाविसाव्या वर्षी सुचवले होते. त्यावर जर्मनीतील ज्येष्ठ रसायनशास्त्रज्ञ कोल्बे यांनी त्यांची जाहीर टवाळी केली होती. पशुवैद्यक शाळेत शिकवणारा हा तरुण कल्पनेच्या घोड्यावर बसून उडतो आहे, असा त्या टवाळीचा रोख होता. ॲमस्टरडॅममध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ ह्यूगो द व्ह्रीस हे त्यांचे सहकारी होते. फेफरच्या प्रयोगांची माहिती द व्ह्रीस यांच्याकडूनच व्हान्ट हॉफ यांच्या कानावर आली. दोन वेगळ्या विभागांतील प्राध्यापकांच्या बोलण्यातून द्रावणांच्या सिद्धान्ताला वळण मिळाले.

९/ व्हान्ट हॉफ यांनी फेफरचे आकडे घेतले आणि एक धाडसी तुलना केली. वायूचे रेणू भांड्याच्या भिंतींवर आपटतात आणि दाब निर्माण होतो. साखरेचे रेणू पाण्यात तसेच पसरलेले आहेत असे मानले तर? वायूचे समीकरण, म्हणजे दाब गुणिले आकारमान बरोबर मोलसंख्या गुणिले स्थिरांक गुणिले तापमान, त्यांनी जसेच्या तसे द्रावणाला लावले. १ टक्का साखरेसाठी ६.८ अंश सेल्सिअसला हिशेबाने दाब निघाला ०.६६५ वातावरण. फेफर यांनी मोजलेला होता ०.६६४. मातीच्या भांड्यातील साखरपाणी वायूचा नियम पाळत होते. विरल द्रावणांच्या अभ्यासाला यातून भक्कम पाया मिळाला.

१०/ साखरेला नियम लागू पडला, पण मीठ इथेही आडवे आले. परासरणाचा दाब असो, गोठणबिंदू असो वा बाष्पदाब, क्षारांचे आकडे नेहमी जास्त येत. व्हान्ट हॉफ यांनी १८८५ मध्ये स्वीडनच्या विज्ञान अकादमीला सादर केलेल्या निबंधात समीकरणाच्या उजव्या बाजूस एक गुणक जोडून दिला. तोच हा ‘आय’. साखरेसाठी १, मिठासाठी २ च्या जवळ. राउल्टच्या मोजमापांवरून ही किंमत काढता येत होती आणि ती वापरली की हिशेब जुळत होता. ती तशी का येते, हे मात्र व्हान्ट हॉफ यांना सांगता येत नव्हते. समीकरण चालते ठेवण्यासाठी लावलेले ते ठिगळ होते.

११/ तिसरा धागा विजेचा. १८३४ मध्ये मायकेल फॅरेडे यांनी द्रावणातून वीज वाहताना होणाऱ्या बदलांचे नियम मांडले. ‘आयन’ हा शब्द याच वेळचा. केंब्रिजचे विद्वान विल्यम ह्यूएल यांच्या मदतीने तो ग्रीक भाषेतील ‘जाणे’ या अर्थाच्या क्रियापदावरून घडवला गेला. जो विजेच्या ध्रुवाकडे जातो, तो आयन. फॅरेडे यांच्या काळची समजूत अशी की वीज जोडली की रेणू फाटतो आणि त्याचे दोन तुकडे विरुद्ध दिशांना जातात. वीज नसेल तर तुकडेही नाहीत. पुढची कित्येक वर्षे ही समजूत टिकून राहिली.

१२/ या समजुतीला तडे जात होते. रेणू फाडण्यास वीज लागत असेल, तर अगदी दुबळ्या विजेने प्रवाह सुरूच होऊ नये. प्रत्यक्षात तो होत असे. म्हणून १८५७ मध्ये क्लाउझियस यांनी सुचवले की द्रावणात काही थोडे रेणू आपोआपच फुटलेले असावेत. पुढे जर्मनीत कोलराउश यांनी उलटसुलट वाहणारा प्रवाह वापरून द्रावणांची वाहकता अचूक मोजण्याची पद्धत बसवली. द्रावण जितके पातळ करावे तितकी प्रत्येक मोलमागे वाहकता वाढते, हे त्यांच्या तक्त्यांतून दिसू लागले. आता एकीकडे राउल्टचे गोठणबिंदू होते, दुसरीकडे व्हान्ट हॉफचे ‘आय’ आणि तिसरीकडे कोलराउशची वाहकता. तिन्ही एकत्र पाहणारा कोणी नव्हता.

१३/ स्वान्ते अर्‍हेनियस यांचा जन्म १८५९ मध्ये स्वीडनमधील उप्साला शहराजवळ झाला. उप्साला विद्यापीठातील पदार्थविज्ञान आणि रसायनशास्त्राच्या अध्यापनाने समाधान न झाल्यामुळे १८८१ मध्ये ते स्टॉकहोमला एडलुंड यांच्या प्रयोगशाळेत गेले. तेथे त्यांनी अतिशय पातळ द्रावणांची वाहकता मोजली. निष्कर्ष असा निघाला की क्षाराचे काही रेणू ‘सक्रिय’ असतात, म्हणजे वीज वाहून नेऊ शकतात, आणि बाकीचे ‘निष्क्रिय’. पाणी वाढवले की निष्क्रिय रेणूंचे सक्रियांत रूपांतर होते. पदवीसाठी लिहिलेल्या प्रबंधात त्यांनी उघडपणे ‘मुक्त आयन’ असा दावा केला नव्हता. पण त्यांच्या विचारांची दिशा स्पष्ट होती.

१४/ १८८४ मध्ये हा प्रबंध उप्साला विद्यापीठापुढे आला. फ्रेंच भाषेत लिहिलेला, सुमारे १५० पानांचा आणि ५६ विधाने मांडणारा. रसायनशास्त्राचे प्राध्यापक क्लेव्ह यांना तो फार भौतिकी वाटला, तर पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक थालेन यांना आपल्या विषयाबाहेरचा. दोन विषयांच्या सीमेवर उभे राहणाऱ्याचे होते तेच झाले : कोणीही त्याला आपला म्हटले नाही. प्रबंध नाकारला गेला नाही, पण त्याला इतकी खालची श्रेणी मिळाली की विद्यापीठात अध्यापक होण्याची वाट जवळजवळ बंद झाली. पंचवीस वर्षांच्या संशोधकाला हा धक्का पचवणे सोपे नव्हते.

१५/ अर्‍हेनियस यांनी प्रबंधाच्या प्रती परदेशातील नामांकित शास्त्रज्ञांना धाडल्या. रिगा येथे विल्हेल्म ओस्टवाल्ड आम्लांची ताकद मोजण्यात गढलेले होते. हा प्रबंध, दातदुखी आणि नुकतीच जन्मलेली कन्या या तिन्ही गोष्टी एकाच दिवशी आपल्या वाट्याला आल्या, असे ओस्टवाल्ड यांनी नंतर लिहिले आहे. त्यांची आम्लांची क्रमवारी आणि अर्‍हेनियसची वाहकतेची क्रमवारी एकमेकींशी जुळत होती. त्याच उन्हाळ्यात ते स्वतः उप्सालाला आले आणि या तरुणाला रिगामध्ये जागा देऊ केली. बाहेरच्या विद्वानाने दाद दिल्यावर उप्सालालाही जाग आली. अर्‍हेनियस यांना तेथे अध्यापकपद मिळाले आणि पुढे परदेशी प्रवासासाठी शिष्यवृत्तीही.

१६/ व्हान्ट हॉफचा निबंध वाचल्यावर अर्‍हेनियस यांना ‘आय’चा अर्थ कळला. १८८७ च्या मार्चमध्ये त्यांनी व्हान्ट हॉफ यांना पत्र लिहून तो कळवला. मिठाचा एक रेणू पाण्यात फुटून सोडियम आणि क्लोरीन यांचे दोन आयन होत असतील, तर पाण्यातील कणांची संख्या दुप्पट होणार. गोठणबिंदू, बाष्पदाब आणि परासरणाचा दाब या साऱ्या गोष्टी कणांच्या संख्येवर ठरतात. म्हणून मिठाचा ‘आय’ २ च्या जवळ. कॅल्शियम क्लोराइडचे तीन आयन होतात, म्हणून त्याचा ३ च्या जवळ. साखर फुटत नाही, म्हणून तिचा १. ठिगळ म्हणून लावलेल्या अक्षराला अर्थ मिळाला.

१७/ त्याच वर्षी ओस्टवाल्ड आणि व्हान्ट हॉफ यांनी भौतिकी रसायनाला वाहिलेले नवे नियतकालिक लाइपझिगहून सुरू केले. त्याच्या पहिल्याच खंडात व्हान्ट हॉफ आणि अर्‍हेनियस या दोघांचेही लेख आहेत. अर्‍हेनियसच्या लेखातील तक्ता महत्त्वाचा. डझनावारी पदार्थांसाठी त्यांनी ‘आय’ दोन निरनिराळ्या मार्गांनी काढला : एकदा राउल्टच्या गोठणबिंदूवरून, एकदा विजेच्या वाहकतेवरून. मिठासाठी पहिल्या मार्गाने १.९० आणि दुसऱ्या मार्गाने १.८२. थर्मामीटर आणि वीजमापक यांचा एकमेकांशी काहीही संबंध नसताना दोघे जवळपास एकच साक्ष देत होते. काही क्षारांचे आकडे जुळले नाहीत. ती गोष्ट तेव्हा बाजूला राहिली, पण मिटली नाही.

१८/ विरोधकांचा पहिला आक्षेप आजचा चाणाक्ष विद्यार्थीही घेतो. सोडियम पाण्यात टाकला तर पेट घेतो. क्लोरीन हा हिरवट-पिवळा विषारी वायू. मिठाच्या पाण्यात हे दोन्ही मोकळे असतील, तर पाणी पेटत का नाही आणि माणूस मरत का नाही? उत्तर असे होते की सोडियमचा अणू आणि सोडियमचा आयन हे रासायनिकदृष्ट्या वेगळे पदार्थ आहेत. विद्युत प्रभारामुळे त्यांचा स्वभावच बदलतो. आज नववी-दहावीत हे सहज सांगितले जाते. पण १८८७ मध्ये इलेक्ट्रॉनचा शोध लागलेला नव्हता. तो लागला १८९७ मध्ये. प्रभार अणूवर येतो कुठून, याचे उत्तर कोणाहीकडे नव्हते. त्या काळच्या माहितीवर आक्षेप रास्तच होता.

१९/ दुसरा आक्षेप अधिक खोल होता आणि तो घेणाऱ्यांत मेंडेलेएव्ह यांच्यासारखे दिग्गज होते. त्यांनी आणि इंग्लंडमधील आर्मस्ट्राँग, पिकरिंग यांनी विचारले : या सिद्धान्तात पाणी कुठे आहे? आयनवादी मंडळी द्रावणाला वायूप्रमाणे समजतात आणि पाण्याला रिकामी जागा मानतात. पण पाणी काही रिकामी जागा नव्हे. ते विरघळलेल्या पदार्थाशी संयोग करते. १८९० मध्ये इंग्लंडमधील लीड्स येथे ब्रिटिश असोसिएशनच्या अधिवेशनात ओस्टवाल्ड आणि व्हान्ट हॉफ या विरोधकांसमोर जाऊन बसले. समोरासमोर चर्चा झाली. कोणी कोणाला पटवू शकले नाही, पण तरुण रसायनशास्त्रज्ञ आयनांच्या बाजूला झुकू लागले.

२०/ पुढचा काळ आयनवाद्यांचा होता. १९०१ मध्ये रसायनशास्त्राचे पहिलेवहिले नोबेल व्हान्ट हॉफ यांना मिळाले. राउल्ट त्याच वर्षी, पुरस्कार जाहीर होण्याआधी, वारले. १९०३ चे नोबेल अर्‍हेनियस यांना मिळाले आणि तेही विद्युत विचरणाच्या सिद्धान्तासाठी, म्हणजे ज्या कामाला उप्सालाने खालची श्रेणी दिली होती त्याच कामाच्या फळासाठी. त्या वेळी रसायनशास्त्राच्या नोबेल समितीचे अध्यक्ष होते प्राध्यापक क्लेव्ह. एकोणीस वर्षांपूर्वी तो प्रबंध नाकाने सोलणारेही तेच. पाठ्यपुस्तकांत या गोष्टीचा शेवट साधारणपणे इथेच होतो. प्रत्यक्षात कथा इथे संपत नाही.

२१/ पुढे जाण्यापूर्वी या अक्षराचे मोल पाहण्यासाठी रुग्णालयात डोकवावे. तेथे दोन प्रकारच्या सलाइनच्या बाटल्या टांगलेल्या दिसतात. एकीत ०.९ टक्के मीठ, दुसरीत ५ टक्के ग्लुकोज. टक्केवारीत इतका फरक असूनही दोन्हींचा परासरणाचा दाब रक्ताच्या दाबाशी जुळतो. मिठाचा रेणू हलका, आणि शिवाय त्याचे पाण्यात दोन कण होतात. ‘आय’ विसरून मिठाचे प्रमाण ठरवले, तर ते जवळपास दुप्पट होईल आणि रक्तातील तांबड्या पेशी पाणी गमावून आकसतील. द व्ह्रीस यांच्या वनस्पतिपेशींवरील कामापासून स्फूर्ती घेऊन डच शास्त्रज्ञ हाम्बुर्गर यांनी तांबड्या पेशींवर हेच प्रयोग केले होते.

२२/ आता सिद्धान्तातील तडा. १८८८ मध्ये ओस्टवाल्ड यांनी विचरणाचे प्रमाण आणि संहती यांचा संबंध सांगणारा नियम मांडला. व्हिनेगरमधील ॲसिटिक आम्लासारख्या दुबळ्या पदार्थांना तो चोख लागू पडला. मीठ, हायड्रोक्लोरिक आम्ल यांसारख्या प्रबळ पदार्थांना तो अजिबात लागू पडेना. म्हणजे ज्या मिठावरून सारा वाद पेटला होता, तेच मीठ जिंकलेल्या पक्षाचाही नियम पाळत नव्हते. पुढे १९१३ मध्ये ब्रॅग पितापुत्रांनी क्ष-किरणांनी मिठाच्या स्फटिकाची रचना उलगडली. त्या स्फटिकात मिठाचा सुटा रेणूच सापडला नाही. सोडियम आणि क्लोरीनचे आयन आळीपाळीने मांडलेले होते. जो रेणू मुळात नाहीच, तो पाण्यात फुटणार कसा?

२३/ या टप्प्यावर कथा कलकत्त्याला येते. प्रफुल्लचंद्र राय यांच्या विद्यार्थ्यांत ज्ञानचंद्र घोष नावाचा तरुण होता. मेघनाद साहा आणि सत्येंद्रनाथ बोस यांच्या पिढीतला. १९१८ मध्ये लंडनच्या केमिकल सोसायटीच्या नियतकालिकात त्यांचा प्रबळ विद्युत अपघटनी पदार्थांच्या विक्षिप्त वर्तनावरील लेख प्रसिद्ध झाला. मांडणी धीट होती. मीठ पाण्यात पूर्णपणे आयनरूपातच असते, थोडे फुटलेले आणि थोडे अखंड असे नव्हे. मग वाहकता कमी का भरते? कारण विरुद्ध प्रभाराचे आयन एकमेकांना ओढतात आणि ती ओढ तोडण्याइतकी ऊर्जा असलेलेच आयन वीज वाहून नेतात. युरोपातील शास्त्रज्ञांना या लेखाची दखल घ्यावी लागली.

२४/ घोष यांच्या मांडणीत एक दोष होता. पाण्यातही आयन स्फटिकाप्रमाणेच ठरावीक अंतरावर मांडलेले असतात, असे त्यांनी गृहीत धरले. त्यामुळे त्यांच्या सूत्रात संहतीचे घनमूळ आले. कोलराउशची मोजमापे मात्र वर्गमूळ दाखवत होती. १९२३ मध्ये झुरिचच्या डिबाय आणि ह्युकेल यांनी ही गाठ सोडवली. आयन रांगेत उभे नसतात. प्रत्येक आयनाभोवती विरुद्ध प्रभाराच्या आयनांचा एक सैलसर मेळावा सतत घडत-मोडत असतो. या चित्रातून वर्गमूळ आपोआप निघाले. त्यांच्या लेखात घोष यांच्या सिद्धान्ताची चिकित्सा आहे. चूक ठरूनही दखलपात्र असणे विज्ञानात कमी मोलाचे नसते.

२५/ घोष पुढे ढाका विद्यापीठात रसायनशास्त्राचे प्रमुख झाले. १९३९ मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेचे संचालक आणि स्वातंत्र्यानंतर खरगपूरच्या पहिल्या आयआयटीचे पहिले संचालक. खरगपूरची ती संस्था ब्रिटिश काळातील हिजली बंदिशाळेच्या इमारतीत सुरू झाली. भारतीय तंत्रशिक्षणाच्या इतिहासात त्यांचे नाव आदराने घेतले जाते. द्रावणांच्या धड्यात ते येत नाही. पाठ्यपुस्तकाला टिकलेली सूत्रे हवी असतात. त्या सूत्रांपर्यंत पोहोचवणाऱ्या पायऱ्या त्यात मावत नाहीत.

२६/ मग वादात जिंकले कोण? द्रावणात मुक्त आयन असतात, हे अर्‍हेनियस यांचे म्हणणे कायमचे सिद्ध झाले. मिठाचे काही रेणू फुटतात आणि काही अखंड राहतात, हे मात्र टिकले नाही. दुसरीकडे मेंडेलेएव्ह आणि आर्मस्ट्राँग आयनांच्या बाबतीत चुकले. पण पाणी ही रिकामी जागा नव्हे, हा त्यांचा आग्रह खरा ठरला. आज आपल्याला माहीत आहे की प्रत्येक आयनाभोवती पाण्याच्या रेणूंचे कडे असते आणि त्या ओढीशिवाय मिठाचा स्फटिक विरघळलाच नसता. दोन्ही पक्षांनी सत्याचे एकेक टोक धरले होते आणि आपल्या हातातले टोक म्हणजेच संपूर्ण दोर, असे दोघांनाही वाटत होते.

२७/ या वादाची खूण अजूनही पुस्तकात आहे. ०.१ मोलल मिठाच्या द्रावणाचा ‘आय’ १.८७ भरतो, २ नव्हे. तितक्याच संहतीच्या मॅग्नेशियम सल्फेटचा तर केवळ १.२१. शालेय सूत्रात ‘आय’मधून १ वजा करून विचरणाचे प्रमाण काढतात आणि मिठासाठी उत्तर येते ८७ टक्के. हे उत्तर अर्‍हेनियस यांच्या १८८७ च्या चष्म्यातून आलेले आहे. ॲसिटिक आम्लासाठी तो चष्मा आजही योग्य आहे. मिठाच्या बाबतीत मात्र १.८७ आणि २ यांमधील फरक न फुटलेल्या रेणूंचा नाही. तो एकमेकांना ओढणाऱ्या आयनांचा आहे.

२८/ धड्यात ही सारी नावे एका ओळीत शांतपणे उभी असतात, जणू एकाने दुसऱ्याच्या हाती सूत्र सोपवले. प्रत्यक्षात कोणी वनस्पतीची पेशी तपासत होता, कोणी थर्मामीटर घेऊन बसला होता, कोणी पदवीच्या गुणांमुळे अडला होता. त्यांना जोडणारा प्रश्न एकच होता : मीठ पाण्यात विरघळते म्हणजे काय होते? परीक्षेत ‘मिठासाठी आय बरोबर २’ लिहून गुण मिळतात आणि ते लिहावेही. परंतु प्रयोगशाळेत १.८७ आले, तर उपकरणाला दोष देण्यापूर्वी थांबावे. त्या ०.१३ च्या फरकाचा अर्थ लावण्यात ओस्टवाल्डपासून घोष आणि डिबाय यांच्यापर्यंत माणसांच्या दोन पिढ्या खर्ची पडल्या आहेत.